फोटोच्या कोपऱ्यातला नंबर कापू नका

जुनी गाडी पुन्हा उभी करायला घेतली की गॅरेजात पहिला वाद रंगावरून होतो. पेंटर म्हणतो, "साहेब, त्या काळात सगळ्या गाड्या काळ्याच यायच्या." मालकाला आजोबांनी सांगितलेलं आठवत असतं की आपली लाल होती. मग कुणीतरी मोबाइलवर कारखान्यातला जुना फोटो शोधून काढतं आणि सगळ्यांपुढे धरतं. फोटोत गाडी काळीकुळकुळीत. वाद मिटला असं वाटतं, आणि गाडीला चुकीचा रंग लागतो.

फोर्डच्या मॉडेल टीचं उदाहरण घ्या. १९०८ ते १९२७ या काळात या गाड्या दीड कोटी निघाल्या. "गिऱ्हाईकाला हवा तो रंग मिळेल, फक्त तो काळा असला पाहिजे" हे हेन्री फोर्डचं बोलणं आपण सगळे ऐकून असतो. पण मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळायची ती १९१४ ते १९२५ या वर्षांत. त्याआधी ती लाल, हिरव्या, राखाडी, निळ्या रंगांत येई, आणि १९२६ पासून पुन्हा रंग आले. मग १९०९च्या फोटोत लाल गाडी काळी का दिसते? कारण तेव्हा सर्रास वापरल्या जाणाऱ्या काचेच्या प्लेटांना लाल प्रकाश दिसतच नसे. त्यांना ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट म्हणत. निळा आणि हिरवा प्रकाश त्या टिपत, लाल नाही. म्हणून फोटोत आकाश पांढरंफटक आणि लाल मडगार्ड काळं. डार्करूममध्ये लाल दिवा लावून काम करता यायचं, तेही याच कारणाने.

म्हणजे त्या फोटोत गाडीचा रंग नाहीच. पण फोटो कोणत्या तारखेचा हे कळलं, तर त्या वर्षी कारखान्यात कोणते रंग लागत होते ते कागदपत्रांतून काढता येतं. तारीख बहुतेक वेळा कळते ती कोपऱ्यात खरडलेल्या एका नंबरावरून. जुन्या गाड्यांचे कारखान्यातले फोटो स्कॅन करून लोकांपुढे आणायचे म्हणजे नेमकं काय करायचं, हे समजून घेताना त्या नंबराचा हात सोडायचा नाही, एवढंच माझं सांगणं आहे.

कारखान्यात फोटो कशाला काढायचे?

हौस म्हणून नाही. नवीन मशीन बसलं, त्याचा फोटो. नवीन मॉडेलची पहिली गाडी तयार झाली, तिचे चारही बाजूंनी फोटो. इंजिन उघडं करून, डॅशबोर्ड जवळून, चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, वरून. काही कॅटलॉगसाठी, काही इंजिनिअरांसाठी, काही वर्तमानपत्रांसाठी. मोठ्या कंपन्या त्यासाठी पगारी फोटोग्राफर ठेवत. फोर्डने तर १९१४ मध्ये स्वतःचा चलचित्र विभागच काढला. त्या विभागाची रिळं १९६३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे गेली, आणि कंपनीचं जुनं दप्तर व फोटोसंग्रह पुढच्याच वर्षी डिअरबॉर्नच्या 'द हेन्री फोर्ड' या संग्रहालयाकडे आला. आज त्यातलं बरंच घरबसल्या बघता येतं. २०२२ मध्ये फोर्ड कंपनीनेही 'फोर्ड हेरिटेज व्हॉल्ट' नावाने आपला संग्रह इंटरनेटवर खुला केला. सुरुवातीलाच त्यात १९०३ ते २००३ या शंभर वर्षांतले पाच हजारांहून अधिक फोटो आणि माहितीपत्रकं होती.

या संग्रहांतला एक फोटो मी पुन्हा पुन्हा उघडतो. १९१३, डेट्रॉइटजवळचा हायलँड पार्क कारखाना. कमरेएवढ्या उंचीच्या लांब कठड्याशी कामगार ओळीने उभे आहेत आणि प्रत्येकाच्या पुढे मॉडेल टीचं एक फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाला जोडलेलं जड चाक. फ्लायव्हीलवर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे सोळा लोहचुंबक गोलाकार बसवायचे असत. या जोडणीला मॅग्नेटो म्हणत; तिच्यातून इंजिनाच्या ठिणगीला वीज मिळे. पूर्वी एकच कामगार अख्खा मॅग्नेटो जोडायचा आणि त्याला वीसेक मिनिटं लागायची. या ओळीत ते काम २९ जणांत वाटलं गेलं आणि वेळ तेरा मिनिटांवर आला, पुढे पाचांवर. त्याच वर्षी सबंध चासी सरकत्या लाइनवर जोडायला सुरुवात झाली. आधी एका चासीला साडेबारा तास लागत, पुढच्या काही महिन्यांत ते काम ९३ मिनिटांत होऊ लागलं. आपण शाळेत 'असेंब्ली लाइनचा शोध' म्हणून एका ओळीत उरकतो ती गोष्ट इथे डोळ्यांसमोर उभी असते. चांगलं स्कॅन असेल तर चुंबक मोजता येतात, एप्रनवरचे डाग दिसतात, कुणाच्या हातात कोणतं हत्यार आहे ते दिसतं.

रिस्टोरेशन करणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. पाइपची क्लिप कशी होती, वायर कुठल्या बाजूने गेली होती, चाकाच्या आऱ्यांवर रेघ होती का. जुन्या फोटोंतले टायर कधी कधी फिकट, जवळजवळ पांढरे दिसतात. तो स्कॅनचा दोष नव्हे. रबरात काजळी मिसळून टायर काळे आणि टिकाऊ करण्याची पद्धत रुळण्याआधीचे टायर खरंच तसेच असत. आपल्याकडे या तपशिलांना आता कायद्याचंही वजन आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून जास्त झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते आणि तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात जपलेली हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नकोत. मूळ रूप म्हणजे काय, हे दाखवायला कारखान्यातल्या फोटोइतका खात्रीचा आधार क्वचितच मिळतो.

रुमालातून सुटलेला कागद

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही विचारा, रुमालातून सुटून इकडेतिकडे गेलेला कागद कितीही सुवाच्य असला तरी अर्धा मुका होतो. तो कोणत्या कागदांच्या शेजारी होता, कोणत्या रुमालातला, यावर त्याचा अर्थ ठरतो. कारखान्याच्या फोटोचंही तसंच आहे. त्याचा रुमाल म्हणजे निगेटिव्हचा नंबर आणि तो नंबर ज्या रजिस्टरात लिहिला ते रजिस्टर: नंबर, तारीख, विषय, कोणत्या खात्याच्या सांगण्यावरून काढला.

काचेची निगेटिव्ह हातात घेतलीत तर हा नंबर लगेच सापडतो. प्लेटची एक बाजू चकचकीत असते आणि एक मंद, किंचित खरखरीत. मंद बाजूला चांदीच्या क्षारांचा जिलेटिनमधला थर असतो, म्हणजे खरा फोटो तिथे. त्याच बाजूच्या कोपऱ्यात काळ्या शाईने नंबर उलटा लिहिलेला असतो, आरशातल्यासारखा. प्रिंट काढली की तो सुलट होतो, आणि शाईने प्रकाश अडवल्यामुळे पांढरा उमटतो. कुठल्याही जुन्या फॅक्टरी प्रिंटच्या कडेला पांढरे आकडे दिसले, तर ते असे आलेले असतात.

आणखी एक गोष्ट प्लेटवर दिसते. गाडीभोवती लालसर तपकिरी रंगाचा दाट लेप, कुंचल्याने अगदी कडेकडेने लावलेला. कॅटलॉगात गाडीमागचे खांब, माणसं, पिंपं दिसू नयेत म्हणून ते असं झाकून टाकत. लेपातून प्रकाश जात नाही, त्यामुळे प्रिंटमध्ये मागचं सगळं पांढरं येतं आणि गाडी हवेत उभी असल्यासारखी दिसते. स्कॅन करणाऱ्याला मोह होतो की हा लेप 'साफ' करावा. करू नये. तो कुणी अननुभवी माणसाने पाडलेला डाग नसून त्या फोटोच्या वापराचा पुरावा आहे.

माझी स्वतःची चूक इथे सांगतो. मुंबईतल्या एका मोटार कारखान्यात आयुष्य काढलेल्या एका काकांकडे चाळीसेक प्रिंट होत्या. त्यांनी विश्वासाने माझ्याकडे दिल्या. मी त्या स्कॅन केल्या, सरळ केल्या, आणि छान दिसाव्यात म्हणून चारही बाजूंच्या फाटक्या, पिवळ्या कडा कापून टाकल्या. मूळ स्कॅन ठेवलंच नाही. दोन महिन्यांनी त्या क्रमाने लावायला बसलो तेव्हा लक्षात आलं की क्रम लावायचा तो ज्याच्यावरून, ते पांढरे आकडे त्याच कडांवर होते. काकांकडे परत जाऊन सगळ्या पुन्हा मागितल्या. प्रिंट जागेवर होत्या म्हणून निभावलं. अनेकदा प्रिंट तोवर रद्दीत गेलेली असते.

घाई का करायची

काच फुटते हे सगळ्यांना कळतं. फिल्मचं दुखणं मात्र आतून येतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत शीट फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असायची. हा पदार्थ बिनधुराच्या बंदुकीच्या दारूचा जवळचा नातेवाईक. तो जळताना स्वतःच ऑक्सिजन सोडतो, त्यामुळे पाण्यानेही नीट विझत नाही. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड इथल्या दवाखान्यात साठवलेल्या नायट्रेट एक्स-रे फिल्मना आग लागली आणि तिच्यातून निघालेल्या विषारी वायूंनी १२३ माणसं गेली. आपल्या पुण्यातही जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळं आगीत गेली. कोडॅकने नायट्रेटची शीट फिल्म १९३९ मध्ये बंद केली, पण त्याआधीच्या निगेटिव्ह आजही जुन्या कपाटांत पडून असतात. चिकट झालेली, तपकिरी पडलेली, उग्र वासाची फिल्म सापडली तर ती ढिगाने एका डब्यात कोंबून माळ्यावर टाकू नका. उन्हापासून दूर, थंड आणि हवेशीर जागी ठेवा आणि जाणकाराला बोलवा.

नायट्रेटनंतर 'सेफ्टी फिल्म' म्हणून अॅसिटेट आली. ती भडकत नाही, पण सडते. सडताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, फिल्म आक्रसते आणि वरचा थर सुरकुततो. सुरुवात एकदा झाली की एका फिल्मची वाफ शेजारचीलाही लागते. अमेरिकेतल्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटच्या अभ्यासानुसार २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेत नव्या अॅसिटेट फिल्ममध्ये हा बिघाड साधारण चाळीस वर्षांत सुरू होतो. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या पावसाळ्यात आपल्या घरातली हवा याहून किती गरम आणि ओली असते ते सांगायला नको.

स्कॅन म्हणजे नेमकं काय

स्कॅनर किंवा कॅमेरा फोटोचे बारीक चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनाचा उजेड आकड्यात लिहून ठेवतो. एका इंचात किती चौकोन, यावरून बारकावा ठरतो. समजा ८ बाय १० इंचांची निगेटिव्ह आहे; कारखान्यांतल्या कामाला हा आकार नेहमीचा. इंचाला ८०० चौकोन धरले तर ६४०० गुणिले ८०००, म्हणजे ५ कोटी १२ लाख चौकोन झाले. प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे आणि प्रत्येक आकड्याला दोन बाइट दिले, की एक फाइल सुमारे ३०७ एमबीची होते. हजार निगेटिव्हना तीनशे जीबी. म्हणून मोठ्या संस्थांना पैसे लागतात आणि वेळ लागतो. त्या आळशी आहेत म्हणून नव्हे.

फोटो कृष्णधवल असताना रंगीत स्कॅन कशाला, असं कुणीही विचारेल. कारण प्लेटवरचा तो तपकिरी लेप, शाईचा नंबर, कागदाचा पिवळेपणा, मागचा निळा शिक्का हे सगळं रंगीत आहे. एकरंगी स्कॅनमध्ये लेप आणि डाग सारखेच दिसतात.

पहिली फाइल टिफ स्वरूपात ठेवायची आणि तिला पुन्हा हात लावायचा नाही. ही मास्टर प्रत. तिच्यात कडा, नंबर, चिरा, बुरशी सगळं जसंच्या तसं. शेजारी एक ठरावीक रंगांची छापील पट्टी ठेवून स्कॅन करतात, म्हणजे पन्नास वर्षांनी बघणाऱ्यालाही कळेल की पिवळेपणा कागदाचा होता की मशीनचा. लोकांना दाखवायची प्रत मास्टरवरून वेगळी काढायची: जेपीईजी, हवी तर उजळ केलेली, कडा कापलेली. जेपीईजी जागा वाचवण्यासाठी बारकावे टाकून देतं आणि प्रत्येक वेळी बदलून सेव्ह केलं की आणखी थोडे टाकतं. मूळ म्हणून जेपीईजी ठेवणं म्हणजे मूळ दस्त फेकून झेरॉक्सची झेरॉक्स जपणं.

हल्ली संगणक कृष्णधवल फोटोत क्षणात रंग भरून देतो. बघायला गोड वाटतं. पण वर सांगितलेली लाल मॉडेल टी आठवा. प्लेटने लाल टिपलाच नाही, तर संगणक तो कुठून आणणार? तो अंदाजाने भरतो. असा फोटो वेगळ्या फाइलमध्ये, 'रंग नंतर भरले आहेत' असं लिहूनच फिरवावा. नाहीतर उद्या एखाद्या गाडीला तोच रंग लागेल आणि परवा ती गाडीच पुरावा म्हणून दाखवली जाईल.

फाइल झाली म्हणजे ती टिकली असंही नाही. हार्ड डिस्क मरते. तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. २६ जुलै २००५च्या पुरात कुर्ला-सांताक्रूझ परिसरात ज्यांच्या तळमजल्यात पाणी शिरलं, त्यांना हे समजावावं लागणार नाही. एकाच खोलीतल्या तीन डिस्क म्हणजे एकच प्रत. संस्था आणखी एक करतात. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्या आकड्यांतून काढलेला एक लांबलचक अंक, लिहून ठेवतात आणि दरवर्षी पुन्हा काढून ताडतात. एक अक्षर जरी बदललं तरी अंक बदलतो आणि कुठली प्रत खराब झाली ते कळतं.

हक्क कुणाचा

घरात प्रिंट आहे म्हणून फोटोवर आपला हक्क असं होत नाही. नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, आपल्या १९५७च्या कायद्यानुसारही मालकाचा, म्हणजे कंपनीचा. भारतात २०१२ पर्यंत फोटो प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं कॉपीराइट राहत असे; त्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर तो साधारणपणे फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. अमेरिकेत कंपनीच्या जुन्या कामांना प्रसिद्धीपासून ९५ वर्षं, आणि कधीच प्रसिद्ध न झालेल्यांना काढल्यापासून १२० वर्षं. म्हणून १९१३ मध्ये वर्तमानपत्रात आलेला हायलँड पार्कचा फोटो मोकळा असतो, आणि त्याच दिवशी काढून कपाटात राहिलेला असेलच असं नाही. मोकळ्या झालेल्या सपाट चित्राचं हुबेहूब स्कॅन काढल्याने नवा कॉपीराइट जन्माला येत नाही, असं न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९९९ मध्ये म्हटलं. युरोपीय संघाने २०१९च्या निर्देशात तसंच लिहिलं आणि २०२३ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाचा निर्णयही त्याच दिशेने आला. हक्क संपलेले फोटो विकिमीडिया कॉमन्स या इंटरनेटवरच्या खुल्या चित्रसंग्रहात टाकता येतात, मराठी वर्णनासह.

मोठ्या फाइल मोबाइलवर उघडतात कशा, हेही सोपं आहे. सर्व्हर फोटोच्या छोट्या छोट्या फरशा पाडून ठेवतो, आणि आपण बोटांनी जिथे मोठं करू तेवढ्याच फरशा पाठवतो. ३०७ एमबीचा फोटो मग साध्या फोनवरही चुंबकापर्यंत उलगडतो.

शोधणाऱ्याला मात्र फोटो सापडतो तो शब्दांनी. 'जुनी कार ०४५' या नावाची फाइल कुणालाच सापडणार नाही. नंबर, वर्ष, कारखाना, खातं, गाडीचं मॉडेल, आणि यातलं काय फोटोवर लिहिलेलं आहे व काय आपण ओळखलं आहे, हे वेगळं वेगळं लिहावं. इंग्लंडमधल्या गेडन इथलं ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या नोंदवह्यांवरून गाडीमालकांना प्रमाणपत्र देतं: अमुक चासी नंबरची गाडी कोणत्या तारखेला तयार झाली, मूळ रंग कोणता, कुठे पाठवली. नोंदी जपल्या म्हणून हे शक्य झालं.

मुंबईलाही हा वारसा आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फिएट ११०० आणि पुढे पद्मिनी निघाली; शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली. अशा कारखान्यांतल्या कितीतरी प्रिंट परळ, कुर्ला, ठाणे, डोंबिवलीच्या घरांत लग्नाच्या अल्बममध्ये खोचलेल्या असणार. त्यांच्या मागे बॉलपेनने लिहू नका, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. आणि ज्यांनी तिथे काम केलं त्यांना फोटो मोठा करून दाखवा.

त्या काकांकडे दुसऱ्यांदा गेलो तेव्हा लॅपटॉप नेला होता. एका फोटोत सबंध लाइन होती, गाड्या ओळीने उभ्या, आणि माणूस एकही नाही. मी आदल्या रात्री त्याच्या वर्णनात लिहिलं होतं, 'बंद कारखाना, बहुधा संपाच्या वेळी'. काकांनी चष्मा वर केला, स्क्रीनजवळ वाकले आणि भिंतीवरच्या घड्याळावर बोट ठेवलं. मी मोठं केलं. काटे दहा वीसवर होते. "संप कसला," ते म्हणाले, "चहाची सुट्टी आहे. हे बघ, त्या ट्रॉलीवर डबा तसाच ठेवलाय माझा." मी माझी ओळ खोडून नंबरापुढे लिहिलं: सकाळी १०.२०, चहाची सुट्टी, डबा काकांचा, माहिती त्यांच्या तोंडून.